‘मारुती ८००’ची पंधरा वर्षे भरताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल २०१० मध्ये देशातल्या तेरा शहरांत गाड्यांच्या धुरावरचा बीएस-४ नियम लागू झाला आणि तिथे मारुती ८०० ची विक्री थांबली. त्या तेरांत पुणे होते, सोलापूरही होते. सातारा आणि सांगली नव्हते. त्यामुळे कंपनीने जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन बंद करेपर्यंत ही गाडी आपल्याकडे नवी कोरी मिळत होती. त्या शेवटच्या चार वर्षांत एमएच-१० आणि एमएच-११ च्या पाट्या लागलेल्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी आता, म्हणजे २०२५ ते २०२९ या काळात, संपते आहे. छोट्या गाड्यांच्या आठवणी काढणारे सगळीकडे भेटतात. गोठ्यामागे, शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे करायचे काय, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

या गाड्या इंजिन संपले म्हणून क्वचितच भंगारात जातात. ७९६ सीसीचे ते तीन सिलिंडरचे इंजिन सहजासहजी संपत नाही. गाडी जाते ती कडक झालेल्या रबरी नळीपायी, सडलेल्या पत्र्यापायी आणि मुदत टळलेल्या आरसी बुकापायी.

आधी कागदाचे. ‘पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात’ ही समजूत गावोगाव पसरली आहे. तो नियम दिल्ली आणि राजधानी परिसराचा. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडी पासिंग झाली की पुढची पाच वर्षे चालवता येते, आणि त्यानंतर पुन्हा पाच. सरकारी मालकीच्या गाड्यांची गोष्ट वेगळी, त्यांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर १ एप्रिल २०२३ पासून रद्दच होते. खासगी गाडीसाठी फॉर्म २५ भरायचा. मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत तो भरता येतो. शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये आहे. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर वीस वर्षांवरच्या कारला ते दहा हजार झाले, वर जीएसटी वेगळा. उशीर झाला तर महिन्याला पाचशे रुपये जादा. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबर पाटी. चार वर्षे ‘बघू’ म्हणत काढली तर नुसती उशिराचीच रक्कम चोवीस हजारांवर जाते आणि मग गाडीच्या किमतीपेक्षा कागद महाग पडतो. अशा गाड्या तिथेच संपतात.

पासिंगला जाण्याआधी चॅसी नंबर जिथे कोरलेला असतो तो पत्रा रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करून घ्यावा. निरीक्षक कागद ठेवून पेन्सिलने त्याचा ठसा घेतात. गंजाने एखादा आकडा खाल्ला असेल तर गाडी कितीही चकाचक असली तरी परत यावे लागते. पॉलिश पेपर मारून नंबर ‘उजळवण्याचा’ उद्योग करू नये. कोरीव आकडे उथळ होतात आणि छेडछाडीचा संशय येतो तो वेगळाच. पीयूसीचे म्हणाल तर बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, बीएस-२ आणि बीएस-३ ला अर्धा टक्का. पहिल्या गटातली गाडी नापास झाली तर बहुतेक वेळा एअर फिल्टर आणि मिक्श्चर स्क्रू बघितला की काम होते. दुसऱ्या गटात नापास झाली तर ऑक्सिजन सेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासावा लागतो. तिथे स्क्रू फिरवून काही साधत नाही.

आता पेट्रोलचे. पंपावर मिळते ते आज २० टक्के इथेनॉल मिसळलेले, म्हणजे ई-२०. हे इथेनॉल आपल्याच दोन जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांतही तयार होते. उसाला भाव मिळतो तो त्याच्या बळावर, तेव्हा त्याला विरोध करण्याचा प्रश्न नाही. पण १९९५ च्या गाडीच्या रबराला हे माहीत नाही. त्या काळच्या नळ्या आणि डायफ्राम इथेनॉलने आधी फुगतात, मग कडक होऊन चिरतात. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची बॉडी जस्त आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, त्याने आतून पांढरी भुकटी धरते आणि ती जाऊन बसते जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात. तिसरी गोष्ट मिश्रणाची. इथेनॉलमध्ये वजनाने साधारण ३५ टक्के ऑक्सिजन असतो. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत संगणक थोडेफार जुळवून घेतो, कार्बोरेटरला ते जमत नाही. मिश्रण पातळ होते, गाडी थंडीत खोकते, घाटात गरम होते, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर दम धरते. मायलेजही घटते. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट धरली आहे.

यावर करायचे ते असे. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी तुकडे एकदाच बदलावेत, एक फाटला म्हणून एकच नव्हे. दुकानात नुसती ‘पेट्रोलची नळी’ मागितली तर हाती येईल ती देतात. नळीवर ‘एसएई ३० आर ९’ असा छाप बघून घ्यावी, तिचे आतले अस्तर इथेनॉल सहन करते. क्लॅम्पही नवे घ्यावेत. जुने स्क्रूचे क्लॅम्प आवळताना नवी नळी कापतात.

कार्बोरेटरवाल्या ८०० मध्ये इंजिनावर बसवलेला, कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालणारा पेट्रोलपंप असतो. गॅरेजात त्याला एसी पंप म्हणतात. त्याचा डायफ्राम फाटला की पेट्रोल बाहेर गळतेच असे नाही. ते आत चेंबरमध्ये, ऑइलमध्ये उतरते. गाडी चालू राहते आणि मालकाला पत्ता लागत नाही. ओळखायचे कसे? डिपस्टिक काढा. ऑइल कमी होण्याऐवजी वर चढले असेल आणि काडीला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी तिथेच बंद करा. पातळ ऑइलवर वीस-पंचवीस किलोमीटर पळवली तर बेअरिंग जाते आणि मग खरोखरच इंजिन बांधायची वेळ येते. पंप बदलल्यावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे. ऑइल लागते जेमतेम तीन लिटर, त्यात काटकसर नको.

जेट साफ करताना तार घालू नये, हे कितीदा सांगितले तरी कमीच. पितळेच्या जेटचे भोक तारेने केसभर वाढले तरी गाडी काळा धूर टाकू लागते. क्लीनर फवारून हवेने फुंकावे. कार्बोरेटरच्या वाटीतून पेट्रोल ओसंडत असेल तर आधी फ्लोट हलवून बघावा, आत पेट्रोल शिरले असेल तर खळखळते. नसेल तर नीडल व्हॉल्व्हच्या टोकाला गोल चर पडली आहे का पाहावे. पडली असेल तर नीडल आणि सीट जोडीनेच बदलावी.

पॉइंटवाल्या, म्हणजे ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करणारे संपर्क असलेल्या, जुन्या गाड्यांत निम्म्या ‘बंद पडते’च्या तक्रारी तिथेच सुटतात. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून इंजिन हाताने फिरवा. पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर बरोबर माथ्याला आली की फटीत फीलर गेज घाला. ०.४ ते ०.५ मिलिमीटरची पाती हलकीशी घासत सरकली पाहिजे. फट याहून कमी असेल तर पॉइंट जळतात, जास्त असेल तर वेगात गाडी तुटक चालते. पॉइंटच्या एका बाजूला टेकाड आणि दुसरीकडे खड्डा दिसला तर कानस मारत बसू नये. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदलावे, कारण खड्डा बहुधा कंडेन्सर कमजोर झाल्यामुळे पडतो. फट बदलली की टायमिंगही बदलते, ते पुन्हा लावून घ्यावे. आजच्या पोरांना स्कॅनर लावता येतो, ही फट लावता येत नाही. दोष त्यांचा नाही, त्यांना कुणी दाखवलीच नाही.

२००० नंतरच्या एमपीएफआय ८०० चे दुखणे निराळे. पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच तो थंड राहतो. ‘लाल दिवा लागला की शंभरचे टाका’ या सवयीने तो कोरडा तापतो आणि एक दिवस घरघरत थांबतो. किल्ली फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गूं आवाज आला नाही, तर आधी फ्यूज आणि रिले बघा, मग पंप. टाकी पावपेक्षा खाली जाऊ देऊ नये एवढे पथ्य पुरते.

महिन्यातून एकदाच गाडी काढणाऱ्यांसाठी आणखी एक. टाकीत पाणी साचल्याची शंका असेल तर तळातले थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेऊन दहा मिनिटे ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी आणि इथेनॉल आहे. वरून ताजे पेट्रोल ओतून तो थर मिसळत नाही. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते.

पाण्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात सांगलीत कृष्णेचे पाणी पार्किंगमध्ये शिरले आणि कितीतरी जुन्या छोट्या गाड्या त्यात कायमच्या गेल्या. खरे तर त्यातल्या बऱ्याच पाण्याने नव्हे, पाणी ओसरल्यावर घाईने किल्ली फिरवल्याने गेल्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तेव्हा पहिले काम बॅटरीची निगेटिव्ह तार काढणे. मग तिन्ही प्लग काढून, चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हळू ढकलायची. प्लगच्या भोकांतून पाणी उडायचे थांबले की प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे ऑइल सोडायचे आणि पुन्हा ढकलायचे. डिपस्टिकवर दुधाळ, चहाच्या रंगाचे ऑइल दिसले की काढून टाकायचे, नवे भरायचे, दहा मिनिटे इंजिन चालवून तेही काढायचे आणि मग तिसऱ्यांदा भरायचे. गिअरबॉक्सलाही तेच. त्याच्या श्वासनळीतून पाणी आत जाते, हे हमखास विसरले जाते. मागचे ड्रम उघडून लाइनर वाळवायचे, व्हील बेअरिंगचे ग्रीस बदलायचे. आणि कार्पेट बाहेर. नुसते उन्हात गाडीचे दरवाजे उघडे ठेवून भागत नाही. कार्पेटखालचा जाड नमदा महिनाभर ओला राहतो आणि पायाखालचा पत्रा आतून खातो.

पत्र्याचे हे दुखणे पुराशिवायही असतेच. ८०० चा पत्रा कुठे सडतो ते ठरलेले आहे. पुढच्या दोन्ही सीटसमोरचा तळ, दारांची खालची कड, दाराखालची पट्टी, मागच्या चाकाची कमान आणि बॅटरी ठेवायचा ट्रे. दाराच्या तळाला पाणी निघून जायला छोटी भोके असतात. रंगकामात ती पुटीने बुजवली जातात आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत दार खालून गळून पडते. दर मे महिन्यात ती एकदा खिळ्याने मोकळी करावीत. सडलेल्या तळावर फायबरची चटई चिकटवून वर काळे डांबर मारायची पद्धत आहे, ती टाळावी. आतला गंज वाढतच राहतो आणि सीटचे बोल्ट ज्या पत्र्यावर उभे, तोच पत्रा जातो. सडका भाग कापून चांगला पत्रा वेल्ड करणे हाच उपाय. जुनी गाडी घेताना चकाकणारा रंग बघण्यापेक्षा कार्पेट उचलून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकून बघावा. टणक आवाज आला तर पुढे बोलावे.

घाटात गरम होण्याची तक्रार खंबाटकी आणि पसरणी घाट ओलांडणाऱ्यांना सवयीची. त्यावर थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा तोडगा आपल्याकडे सर्रास करतात. तो चुकीचा आहे. इंजिन सपाटीवर कायम गार राहते, पेट्रोल जास्त खाते आणि ऑइलमध्ये ओल धरते. खरे कारण बहुतेक वेळा बोअरचे पाणी. आपल्याकडच्या क्षारयुक्त पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर बसतो. रेडिएटर उघडून साफ करून घ्यावा आणि पुढे डिस्टिल्ड वॉटर व कूलंट निम्मे-निम्मे भरावे. पंखा फिरत नसेल तर थर्मो स्विचच्या दोन तारा जोडून बघाव्यात. फिरला तर स्विच गेला, नाही फिरला तर मोटर किंवा फ्यूज. इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. एकदा उकळलेल्या गाडीवर गार पाणी ओतले की ते वाकते आणि मग नुसती गॅस्केट बदलून भागत नाही, हेड घासून सपाट करावे लागते. बराच काळ उभी असलेली गाडी चालू करताना टायमिंग बेल्टही आधी बदलावा. किलोमीटर कमी झाले तरी रबराचे वय होते.

टायर १४५/७० आर १२ मापाचा. हल्ली तो प्रत्येक दुकानात नसतो, म्हणून ओम्नीचा १४५/८० आर १२ बसवून देतात. चाक जवळजवळ पावणेसहा टक्के मोठे होते, मीटर तेवढा वेग कमी दाखवतो, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासतो. थांबावे लागले तरी योग्य माप मागवावे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पडून राहिलेला पाच-सहा वर्षांचा टायर ‘नवा’ म्हणून गळ्यात मारू देऊ नये.

८०० बद्दल एवढे लिहिले, कारण सुटे भाग अजून मिळतात. बाकीच्यांचे तसे नाही. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन कुणीही जुना फिटर डोळे मिटून बांधेल, पण पुढच्या चाकांच्या जोडांना दर दीड-दोन हजार किलोमीटरला ग्रीस गन लावायची शिस्त आता उरली नाही. ग्रीस नाही म्हणजे पिन-बुश झिजले आणि स्टिअरिंग लटकले. उन्हाळ्यात पेट्रोलपंपात वाफ धरून ती थांबते तेव्हा पंपावर ओला फडका ठेवायची जुनी युक्ती आजही चालते, आणि ई-२० लवकर वाफ धरत असल्याने ती आता जास्तच लागेल. बेंगळुरूच्या सिपानीची डॉल्फिन फायबरच्या अंगाची, गंज नाही पण काचा-दारांचे रबर कुठे मिळायचे? देवूची मॅटिझ चालवायला सुरेख होती, कंपनीच गेल्यावर सुट्या भागांसाठी मालक वणवण करू लागले. झेनचे ९९३ सीसीचे इंजिन पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे, गरम होणे तिला ८०० पेक्षाही जास्त बाधते. नॅनोचे ६२४ सीसीचे इंजिन मागे, पेट्रोलचे तोंड पुढच्या बॉनेटखाली, चाकाला नट तीनच. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असल्याने पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत, हे पंक्चरवाल्याला दरवेळी सांगावे लागते. २००९ साली आलेल्या पहिल्या नॅनोंचीही पंधरा वर्षे उलटली आहेत.

आणि छोट्या गाडीचे नाव काढले की इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांची ‘मीरा’ कशी विसरता येईल? मारुतीच्या कितीतरी आधी, १९४९ मध्ये, त्यांनी पहिली छोटी मोटार बनवली आणि पुढे वर्षानुवर्षे तिच्यात सुधारणा करत राहिले. ती कारखान्यात कधीच बनली नाही. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात ‘प्रिया’ तयार होत असे, हेही नव्या पिढीला सांगावे लागते. म्हणजे गाडी बनवणारा, जुळवणारा हात या भागाला नवा नाही.

म्हणूनच तीन मागण्या कराव्याशा वाटतात. इंधन कंपन्यांनी सांगली, मिरज, सातारा, कराड अशा मोठ्या गावांत निदान एका पंपावर कमी इथेनॉलचे पेट्रोल ठेवावे. ई-२० ला साजेशा रबराच्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या, त्याआधीची लाखो वाहने अजून रस्त्यावर आहेत. त्यासाठी लिटरमागे चार पैसे जास्त द्यायला मालक तयार होतील. परिवहन कार्यालयाने तालुक्याच्या कॅम्पमध्ये जुन्या खासगी गाड्यांच्या फेरनोंदणीसाठी महिन्यातला एक दिवस राखून ठेवावा. जतच्या किंवा पाटणच्या माणसाला मुदत संपलेली गाडी जिल्ह्याच्या ठिकाणी चालवत आणता येत नाही, टोइंगचा खर्च नोंदणीपेक्षा जास्त होतो. आणि आयटीआयच्या मोटार मेकॅनिक वर्गात एक कार्बोरेटरचे इंजिन स्टँडवर चालू ठेवावे. शिकवणारे फिटर सांगली-साताऱ्यात आज साठी-पासष्टीत आहेत, मानधनावर यायला ते आनंदाने तयार होतील.

तोवर ज्यांच्या दारात २०१० ते २०१४ मधली ८०० उभी आहे त्यांनी आरसी बुकातली तारीख आजच बघून घ्यावी.

आपला,
एक मोटार फिटर,
विश्रामबाग, सांगली